बिदरचे महाल, बिदरच्या बागा

मराठी माणसाच्या कानी बेदर हे नाव बहुधा प्रथम पडते ते दामाजीपंतांच्या कथेत. दुष्काळात मंगळवेढ्याचे कोठार भुकेल्यांसाठी खुले होते, बादशहाचा कोप होतो, आणि विठू महाराचे रूप घेऊन प्रत्यक्ष पंढरीचा राणा बेदरच्या दरबारी जातो, धान्याची रक्कम मोजून देतो आणि रीतसर पावती घेऊन परततो. कीर्तनकाराने हा प्रसंग रंगविला म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे दरबार उभा राहतो. पण तो ज्याच्या-त्याच्या कल्पनेतला असतो. तो महाल खरोखर कसा होता, त्याच्या भिंतींना कोणता रंग होता, त्याच्या अंगणात पाणी कोठून येई आणि कोणत्या झाडांची सावली पडे, हे कथा सांगत नाही; तिला त्याची गरजही नसते. इतिहासाला मात्र ती गरज असते. म्हणूनच बिदरच्या महालांची आणि बागांची छायाचित्रे कोणी, केव्हा आणि कशी घेतली, त्यांत काय उतरले आणि काय निसटले, हा विषय केवळ हौशी छायाचित्रकारांपुरता उरत नाही.

बहामनी राज्याची स्थापना इ. स. १३४७ मध्ये झाली आणि त्याची पहिली राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे होती. पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अहमदशहा वली याने राजधानी बिदरला नेली. जांभ्या दगडाच्या उंच पठारावर, त्याच दगडात खोदलेल्या खंदकांच्या आड, बिदरचा किल्ला उभा राहिला. त्याच्या आत तख्त महाल, गगन महाल, तर्कश महाल अशा वास्तू एकीस लागून एक वाढत गेल्या. बहामनी सत्ता खिळखिळी झाल्यावर बरीदशाही घराण्याने येथेच राज्य केले. त्यातील अली बरीद याने, म्हणजे १५४२ ते १५८० च्या दरम्यान, रंगीन महाल सजविला. काळ्या दगडात बसविलेले शिंपल्याचे तुकडे आणि कोरीव लाकडी खांब यांमुळे तो महाल आजही पाहणाऱ्यास थांबवून ठेवतो. १६१९ मध्ये बिदर विजापूरकरांकडे गेले, १६५७ मध्ये औरंगजेबाने ते जिंकले आणि अठराव्या शतकात ते निजामाच्या मुलखात आले. राजधानीचे असे क्रमाक्रमाने ठाणे झाले. ठाण्याला तट लागतो, दारूगोळा लागतो. बाग लागत नाही.

वैभवाच्या काळातील बिदर पाहणारे साक्षीदार नव्हते असे नाही. इराणातून आलेला कवी आझरी याने अहमदशहाच्या नव्या महालावर काव्य रचले आणि ते महालाच्या दारावर कोरविले गेले, असे इतिहासकार सांगतात. १४७० च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरून, जुन्नरला पावसाळा काढून बिदरला पोहोचला. महालाला सात दरवाजे आहेत, दरवाजांवर पहारेकरी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करणारे लेखनिक बसलेले आहेत, आतले सारे कोरीव आणि सोनेरी आहे, असे त्याने लिहून ठेवले. तेथील प्रसिद्ध वजीर महमूद गवान याच्या पत्रसंग्रहाचे नावच ‘रियाझुल इन्शा’, म्हणजे लेखनाच्या बागा, असे आहे. बाग ही त्या दरबारात कल्पनेची आणि भाषेचीही सवय होती, हे यावरून कळते. परंतु या सर्व शब्दांतून एका ताटव्याचाही आराखडा काढता येत नाही. कवीने स्तुती केली, व्यापाऱ्याने आश्चर्य नोंदविले. माप कोणी घेतले नाही.

माप घेणारा आणि दृश्य जसेच्या तसे उतरविणारा डोळा या प्रदेशात आला तो एकोणिसाव्या शतकात. जुन्या वास्तूंची चित्रे काढून घेण्यापेक्षा छायाचित्रे घ्यावीत, असे ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाऱ्यांच्या मनात आले आणि १८५५ मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज या तोफखान्यातील अधिकाऱ्याला त्या कामावर नेमले. त्याने व त्याच्यानंतरच्या छायाचित्रकारांनी घेतलेली विजापूरची चित्रे १८६६ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. बिदरच्या वाट्याला हे भाग्य थोडे उशिरा आले. १८७५-७६ च्या हंगामात जेम्स बर्जेस याने बिदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांची पाहणी केली आणि १८७८ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला.

त्यानंतर आले लाला दीनदयाळ. १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे जन्मलेले, रुरकीला स्थापत्याचे शिक्षण घेतलेले आणि इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणारे हे गृहस्थ छायाचित्रणाकडे वळले आणि पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी राहिले. निजामाने त्यांना राजा हा किताब दिला. शिकारी, दरबार आणि लष्करी संचलने यांबरोबरच त्यांनी निजामी मुलखातील जुन्या वास्तूही टिपल्या. त्यांतील बिदर आणि गुलबर्ग्याची दृश्ये कर्झनच्या संग्रहातून पुढे लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात गेली. स्थापत्य शिकलेल्या माणसाची दृष्टी त्यांत लगेच जाणवते. इमारत वाकडी दिसत नाही, कमानीची रेघ तुटत नाही, आणि कोपऱ्यात उभा केलेला एखादा माणूस वास्तूची उंची सांगून जातो.

या कामाचे कष्ट आज सहज ध्यानात येत नाहीत. दीनदयाळांच्या आधीच्या पिढीला काचेवर रसायन ओतून, ती ओली असतानाच चित्र घेऊन, लगोलग तेथल्या तेथे धुवावी लागे. त्यासाठी काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या, स्वच्छ पाणी आणि काचांच्या पेट्या बैलगाडीतून न्याव्या लागत. १८८० च्या सुमारास कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्या आणि तंबूचे ओझे कमी झाले. पण तिवई, भला मोठा कॅमेरा आणि जड काचा राहिल्याच. अशा सामानानिशी खडबडीत वाटेने पठारावर चढणारा माणूस एकेक काच जपूनच वापरणार, हे उघड आहे. कोणती वास्तू घ्यावयाची आणि कोणती सोडावयाची, हा निर्णय त्याला पदोपदी करावा लागे. आणि त्याने जे सोडले ते पुष्कळदा कायमचेच सुटले.

शिवाय त्या काचेला स्वतःची एक मर्यादा होती. जुन्या काचेवरचे रसायन निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देई, पण पिवळा, तांबडा आणि हिरवा रंग त्याला जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळे आकाश कागदावर कोरे पांढरे उमटे, हिरवे झाड काळ्या ठिपक्यासारखे दिसे आणि पिवळ्या फुलांचा ताटवा अंधारात बुडून जाई. त्यात चित्र घेण्यास वेळ लागे तो वेगळाच. दगड तेवढा वेळ स्थिर उभा राहतो. पान हलते, कारंजे उसळते, पाणी वाहते. जे हलते त्याचा धूर होतो. तेव्हा त्या काळचा कॅमेरा दगडाचा मित्र आणि बागेचा वैरी होता, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. त्यात कोणाचा हेतू नव्हता. तो साधनाचाच स्वभाव होता.

महमूद गवानाच्या मदरशाचे उदाहरण याबाबत बोलके आहे. १४७२ च्या सुमारास पुरी झालेली ही तीन मजली विद्याशाळा सुमारे २०५ फूट लांब आणि १८० फूट रुंद आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने तिच्या दर्शनी भागाचा मोठा हिस्सा आणि एक मिनार उडाला. सुमारे १३१ फूट उंचीचा दुसरा मिनार तेवढा उरला. उरलेल्या भागावर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांचे अप्रतिम काम आहे. जुन्या छायाचित्रात इमारतीचा तुटलेला कडा इतका स्पष्ट दिसतो की दगड मोजून घ्यावेत. पण निळ्या भूमीवरची पांढरी अक्षरे एकमेकांत विरघळून फिकट होतात आणि पिवळा रंग काळवंडतो. दुरुस्ती करणाऱ्याला भिंतीचा आकार त्या चित्रावरून मिळतो. रंग मिळत नाही. छायाचित्र खोटे बोलत नाही खरे. परंतु ते सर्व काही बोलते असेही नव्हे.

महालांची ही स्थिती, मग बागांची काय सांगावी? घर मोडले तरी जोते राहते, भिंतीची रेघ राहते, एखादी कमान शतकानुशतके उभी असते. बाग मात्र पाण्यावर जगते आणि पाणी तुटले की दोन उन्हाळ्यांत संपते. तिचे खांब नसतात, तिचे ओझे कोणी वाहिलेले नसते; तिचा अवशेष म्हणजे एक कोरडा पाट, एक फुटका हौद, फार तर एखादी विहीर. बिदरच्या किल्ल्यात सोळा खांबी मशिदीसमोर लाल बाग आहे. तिच्या मधोमध पाण्याची अरुंद वाट आणि कारंज्याचा हौद आहे. शहराच्या पश्चिमेस अली बरीदची कबर आहे. १५७७ मध्ये त्याच्या हयातीतच बांधलेली ही वास्तू चारही बाजूंनी उघडी असून तिच्यातून वारा आणि उजेड आरपार जातो. ती चौरस बागेच्या मध्यावर उभी केली होती, आणि चोहोबाजूंच्या उघड्या कमानींतून हिरवळीचे चार तुकडे दिसावेत हाच तिच्या रचनेचा अर्थ होता. बाग वजा केली की ही कबर केवळ एक उंच घुमट उरते. नेमकी ही बागच जुन्या काचांना पाहावयास मिळाली नाही. छायाचित्रकार येथे पोहोचला तेव्हा मूळ लागवड केव्हाच गेली होती.

पुढे विसाव्या शतकात बिदरला एक जाणता अभ्यासक लाभला. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व खाते सुरू केले आणि गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. अजिंठ्याच्या चित्रांवरील त्यांचे ग्रंथ महाराष्ट्रात परिचित आहेत. बिदरच्या वास्तूंतील राडारोडा उपसणे, पडत्या भिंती सावरणे आणि दबलेली दालने मोकळी करणे, हे काम त्यांच्या खात्याने वर्षानुवर्षे केले. त्याच परिश्रमांचे फळ म्हणजे १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा बिदरच्या इतिहासावरील व वास्तूंवरील ग्रंथ. त्यात छायाचित्र एकटे येत नाही. त्याच्या जोडीला नकाशा असतो, मापे असतात, शिलालेखाचे वाचन असते आणि वास्तू कोणत्या अवस्थेत सापडली याची नोंद असते. नुसत्या देखण्या चित्रात आणि पुराव्यात जो फरक असतो तो हाच.

तथापि अशा काळजीवाहू कामातही बागेच्या बाबतीत एक अडचण राहून गेली. मूळ बागेचे चित्र नाही, झाडांची यादी नाही. मग मोकळ्या केलेल्या जागेत लावावयाचे काय? त्या काळी सर्व हिंदुस्थानात याचे एकच उत्तर ठरल्यासारखे होते: हिरवळ. कर्झनच्या कारकिर्दीत ताजमहालाच्या बागेतील दाट झाडी कमी होऊन गवताची मोकळी पटांगणे आली, आणि पुढे तोच नमुना देशभरच्या स्मारकांभोवती पसरला. इमारत दुरून स्वच्छ दिसते, छायाचित्र चांगले येते, हा त्याचा गुण. परंतु इराणी परंपरेतली चारबाग ही फळझाडांची, सुवासिक फुलांची आणि सावलीची बाग असे. कापलेले गवत ही युरोपातील उद्यानांची रीत. आज लाल बागेत उभा राहून घेतलेले छायाचित्र म्हणजे पंधराव्या शतकातील महालासमोर विसाव्या शतकातील बाग, असे जोडचित्र असते. पाहणाऱ्याला ते एकाच काळाचे वाटते. जुन्या काचेत बागेची जागा निदान काळी तरी दिसे. नव्या रंगीत चित्रात ती हिरवी दिसते, आणि म्हणून अधिक फसविते.

यावर उपाय नाही असे मात्र नव्हे. बागेचे झाड गेले तरी तिच्या पाण्याची वाट उरलेली असते, आणि ती टिपता येते. बिदरजवळ नौबाद येथे इराणी पद्धतीचा भूमिगत जलमार्ग आहे. त्याला कारेझ म्हणतात. जमिनीखालून खोदलेल्या या बोगद्यातून झऱ्याचे पाणी उताराने वाहत नेले जाई आणि जागोजाग वर उघडणाऱ्या विहिरींतून हवा व उजेड आत येई. शतकानुशतके गाळाने भरलेला हा मार्ग २०१० नंतरच्या दशकात अभ्यासकांनी व प्रशासनाने पुन्हा उजेडात आणला. बिदरच्या बागेचे खरे छायाचित्र घ्यावयाचे असेल तर कॅमेरा प्रथम अशा ठिकाणी न्यावयास हवा. पाणी कोठून निघाले, कोणत्या उताराने गेले, कोणत्या हौदात साठले, हा क्रम एकदा चित्रात आला की बागेचा आराखडा आपोआप उलगडू लागतो.

अशी पद्धत यशस्वी होते याचे प्रत्यंतर कलबुर्गी जिल्ह्यातच मिळते. कलबुर्गीच्या दक्षिणेस पंचवीसेक किलोमीटरवर, भीमेच्या काठी, फिरोजशहा बहामनीने १४०० च्या सुमारास वसविलेल्या फिरोजाबाद या महालनगरीचे अवशेष आहेत. राजाबरोबर वैभव आले आणि राजाबरोबरच गेले. मागे तट, मशीद, स्नानगृह आणि शेतांत बुडालेल्या भिंती राहिल्या. जॉर्ज मिशेल आणि रिचर्ड ईटन या अभ्यासकांनी तेथे भिंतीमागून भिंत मोजून काढली. त्यांचा ग्रंथ १९९२ मध्ये निघाला. त्यात मोजणीचा नकाशा, छायाचित्र आणि जुन्या तवारिखांतील मजकूर ही तिन्ही एकमेकांना तपासतात. ज्या नगरीचे नाव वाटसरूलाही ठाऊक नव्हते तिचे रस्ते आणि दालने त्यामुळे कागदावर पुन्हा उभी राहिली.

आता प्रश्न उरतो तो राजवाड्यांहून लहान घरांचा. कलबुर्गीच्या जुन्या जिल्ह्यात, आज यादगीर जिल्ह्यात मोडणाऱ्या सुरपूर येथे, मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याचा टेकडीवरील बंगला ‘टेलर मंझिल’ या नावाने ओळखला जातो. टेलर हा नामांकित लेखक आणि चित्रकार असल्यामुळे त्या घराची आठवण टिकली. परंतु भालकी, औराद, बसवकल्याण या पट्ट्यातील देशमुखांच्या गढ्या, कुळकर्ण्यांचे चौसोपी वाडे, जंगमांचे मठ, बिदर शहरातील जुनी घरे आणि त्यांच्या मागील परसबागा यांच्याकडे दीनदयाळांचा कॅमेरा वळला नाही आणि सरकारी पाहणीही वळली नाही. दरबाराने नेमलेला छायाचित्रकार दरबाराला शोभेल तेच टिपणार; त्याला दोष देता येत नाही. पण ज्या घरांत मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू एकाच ओसरीवर बोलली गेली, त्यांचा दस्तऐवज यामुळे घडलाच नाही.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेने या विस्कळीतपणात भर पडली. जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले आणि १९८२ पासून ते लातूर जिल्ह्यात आहेत. काही भाग आंध्रात गेला. बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, राहिले. वास्तू एका राज्यात, त्यांचे जुने कागद हैदराबादेत, दीनदयाळांच्या अडीच हजारांहून अधिक मूळ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात, छापील संच लंडनमध्ये आणि त्या घरांच्या आठवणी सांगणारी माणसे सीमेच्या दोन्ही बाजूंस, अशी ही वाटणी झाली. दख्खनच्या सुलतानी स्मारकांत बिदर व गुलबर्गा यांची नावे २०१४ पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. तो मान योग्यच आहे. परंतु यादीत किल्ला येतो. किल्ल्याखालचा वाडा येत नाही.

ते काम आता त्या त्या गावच्या माणसांनीच करावयाचे आहे. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. बैलगाडी नको, काच नको, काळोखा तंबू नको. पण साधन सोपे झाले म्हणून पुरावा आपोआप तयार होत नाही. वाड्याचे छायाचित्र घरधन्याच्या संमतीने घ्यावे; दर्शनी दरवाजाबरोबर न्हाणी, बळद, आड, तुळशीवृंदावन आणि परसातले शेवग्याचे झाडही घ्यावे. कोणत्या दिवशी, कोणत्या ऋतूत, कोणत्या दिशेला तोंड करून चित्र घेतले, हे लिहून ठेवावे. माप कळावे म्हणून शेजारी काठी किंवा माणूस उभा करावा. एकच परसबाग आषाढात आणि चैत्रात अशी दोनदा टिपावी, कारण बागेचे खरे रूप एका दिवसात दिसत नाही. घरातील वृद्ध माणसाने त्या चित्रापुढे बसून जे सांगितले तेही त्याच्या पाठीवर उतरवून घ्यावे. एवढी नोंद असेल तर उद्या तो वाडा पडला, वाटण्यांत विभागला गेला किंवा त्या जागी नवी इमारत उठली, तरी त्याचा इतिहास सर्वस्वी पुसला जाणार नाही.

दामाजीपंतांच्या कथेत पंढरीनाथाने रक्कम भरली, एवढ्यावर काम भागले नाही. त्याने पावती घेतली, आणि त्या पावतीनेच दामाजीपंत सुटले. व्यवहार खरा असला तरी कागद लागतो, हे शहाणपण त्या भोळ्या कथेतही आहे. बिदरच्या महालांची पावती दीनदयाळांच्या आणि याझदानींच्या हातून बऱ्याच अंशी मिळाली. तिथल्या बागांची पावती कोणी घेतली नाही, म्हणून आज त्यांच्या नावावर गवत उभे आहे. सीमेवरच्या वाड्यांची पावती अजून फाडावयाची आहे, आणि ते वाडे दर पावसाळ्यात थोडे थोडे खचत आहेत.